गाडीच्या टपाचा रंग आणि आतली भट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की विदर्भात गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न मायलेजचा नसतो, रंगाचा असतो. "काळी घेऊ का? दिसते भारी, पण मे महिन्यात काय होईल?" नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगावकडच्या लोकांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. छताला मी टपच म्हणणार आहे. गॅरेजमध्येही तेच म्हणतात आणि एसटीच्या टपावर सामान चढवलेल्या पिढीलाही तोच शब्द कळतो.

पांढऱ्या टपाने खरंच फरक पडतो, की ही नुसती समजूत आहे?

पडतो, आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात दोन होंडा सिव्हिक गाड्या उन्हात शेजारी शेजारी उभ्या केल्या, एक काळी आणि एक चंदेरी. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काळ्या रंगावर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम ५ टक्के परत फेकलं जात होतं, चंदेरीवरचं ५८ टक्के. चंदेरी गाडीचा टप काळ्यापेक्षा २५ अंशांपर्यंत थंड राहिला. आतली हवा मात्र ५ ते ६ अंशांनीच कमी तापली.

हे दोन आकडे एकत्र लक्षात ठेवा. रंग विकणारे २५ चा आकडा सांगतात आणि रंगाची थट्टा करणारे ५ चा. दोन्ही खरे आहेत. आणखी एक बारकावा म्हणजे त्या गाड्या पूर्णच काळ्या आणि पूर्णच चंदेरी होत्या. नुसता टप बदलला तर फायदा याहून थोडा कमी मिळेल, हे उघड आहे.

टपावर २५ अंशांचा फरक आणि आत फक्त ५-६? मधले कुठे गेले?

काचेतून आत आले.

गाडीत उष्णता येण्याचे रस्ते दोन, पत्रा आणि काच. पत्र्यावर पडलेलं ऊन आधी पत्रा तापवतं. त्यातला बराच भाग वारा परत घेऊन जातो, काही आकाशाकडे उत्सर्जित होतो आणि उरलेला आतल्या अस्तरातून झिरपत खाली येतो. काचेचं तसं नाही. तिथून ऊन थेट आत शिरतं, डॅशबोर्डवर, स्टीअरिंगवर, सीटवर पडतं आणि त्यांना तापवतं. तापलेला डॅशबोर्ड जी उष्णता परत फेकतो ती लांब तरंगलांबीची असते आणि काच तिला बाहेर जाऊ देत नाही. ऊन आत येतं, उष्णता आत अडकते. शेतातल्या पॉलिहाऊसमध्ये गेलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून टप पांढरा केला तरी पुढची भलीमोठी काच उघडीच असते. रंग हा अर्धाच बंदोबस्त आहे, किंबहुना अर्ध्याहून कमी.

मग दारं, बॉनेट सोडून टपाचीच चर्चा का?

ऊन वरून येतं म्हणून. आपल्याकडे तर अगदी डोक्यावरून. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे मेच्या शेवटच्या आठवड्यात, २६ तारखेच्या आसपास, सूर्य दुपारी बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. हाच तो शून्य सावलीचा दिवस. मुंबई-पुण्यात तो त्याच महिन्यात दहा-बारा दिवस आधी येऊन जातो. विदर्भात २५ मेपासून नवतपा धरतात, रोहिणी नक्षत्राचे पहिले नऊ दिवस. म्हणजे ज्या दिवसांना आजी "बाहेर पडू नको" म्हणायची, नेमके तेच दिवस सूर्य टपावर काटकोनात असण्याचे आहेत. त्या वेळी दारांवर ऊन तिरकं, घसरून गेल्यासारखं पडतं आणि टपावर पुरेपूर.

आकडा काढून बघू. स्वच्छ दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन पडतं. टप दोन चौरस मीटरचा धरला तर २००० वॅट. काळा टप त्यातले १९०० वॅट पितो, चंदेरी ८४० च्या आसपास. घरातली साधी इस्त्री १००० वॅटची असते. म्हणजे काळ्या टपाच्या गाडीवर एक चालू इस्त्री जास्तीची ठेवलेली असते. तिची सगळी उष्णता आत येत नाही, हे वर आलंच आहे. पण ती ठेवलेली असते डोक्याच्या वर चार बोटांवर, आणि हे महत्त्वाचं आहे. दार तापलं तर कोपर जरा आत घेता येतं. टपाखालचं अस्तर तापलं की त्याची झळ टाळूवर आणि मानेवर येत राहते. एसीची हवा समोरून थंड लागत असतानाही डोकं तापल्यासारखं वाटतं ते यामुळेच. मागच्या सीटवर उंच माणूस बसवून विचारा.

चंदेरी रंग आरशासारखा असतो, म्हणजे तोच सर्वांत थंड का?

नाही, पांढरा त्याच्या पुढे आहे. चंदेरी रंगात धातूची बारीक चकाकी असली तरी तो रंगच असतो, आरसा नव्हे.

इथे एक गंमत आहे. अगदी चकचकीत, रंग न दिलेला धातू उन्हात ठेवला तर तो रंगवलेल्या पांढऱ्या पत्र्यापेक्षा जास्त तापतो. कारण उघडा धातू ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण जे पितो ते परत उत्सर्जित करायला फार आळशी असतो. उन्हात पडलेला स्टीलचा डबा उचलून पाहिलेल्याला हे हातानेच कळलेलं असतं. रंगाचा थर, मग तो कुठलाही असो, उष्णता बाहेर टाकण्यात तरबेज असतो.

काळी गाडी लवकर तापते, पण रात्री लवकर गारही होते ना?

हे फार जण सांगतात आणि ऐकायला पटतं. पण नाही. रात्री गाडी जी उष्णता आकाशाकडे टाकते ती डोळ्याला न दिसणाऱ्या लांब लहरींची असते आणि त्या लहरींच्या बाबतीत गाडीवरचा काळा आणि पांढरा रंग जवळजवळ सारखेच वागतात. सूर्य बुडाल्यावर रंगाला काही काम उरत नाही. पहाटे सहाला दोन्ही गाड्या तितक्याच गार. म्हणजे काळ्या रंगाला दिवसाचा दंड आहे, पण रात्रीची सूट नाही.

लाल, निळा, राखाडी, पिवळा यांचं काय?

ढोबळ नियम असा की जितका फिकट, तितका थंड. पण डोळा इथे पुरता साक्षीदार नाही. उन्हातली जवळजवळ अर्धी ऊर्जा आपल्याला दिसतच नाही, ती तांबड्याच्या पलीकडच्या अवरक्त भागात असते. सारख्याच दिसणाऱ्या दोन गडद निळ्या रंगांपैकी एक ती अदृश्य अर्धी बाजू परतवत असेल आणि दुसरा पीत असेल. फरक रंगद्रव्यात असतो. साधा काळा बहुतेक काजळीचा असतो आणि काजळी दिसणारं-न दिसणारं सगळंच गिळते.

मुंबईच्या काळी-पिवळीचा टप पिवळा असतो. ते उन्हासाठी केलं होतं का?

उन्हासाठी केलं असं मी म्हणणार नाही. लांबून टॅक्सी ओळखू यावी हे कारण पुरेसं आहे. पण झालं ते चांगलं झालं. अंग काळं आणि डोक्यावर पिवळं, म्हणजे जिथे सगळ्यांत जास्त ऊन पडतं तिथेच फिकट रंग. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, पण रंगांची वाटणी पुढच्या गाड्यांनी सांभाळली आहे. लंडनमध्येही लाल दुमजली बसचे टप पांढरे रंगवले गेले. तिथे मात्र वरच्या मजल्यावरचा उकाडा कमी करणं हाच उघड हेतू होता.

हल्ली तर उलट आहे. गाडी पांढरी आणि टप काळा. ही ड्युअल टोन घ्यावी का?

दिसायला सुंदर आहे, मान्य. पण चंद्रपुरात २००७ च्या जूनमध्ये पारा ४९ अंशांना टेकला होता, नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९. अशा गावात राहून जास्तीचे पैसे मोजून नेमका टपच काळा करून घ्यायचा, हे मला अजून उमगलेलं नाही. डोक्यावर पांढरी टोपी घालणारा शेतकरी आपल्याहून शहाणा म्हणायचा. शोरूमच्या एसीत उभं राहून रंग ठरवू नका. एप्रिलमध्ये दुपारी दोनला त्यांच्या आवारात जा आणि दोन रंगांच्या गाड्यांच्या टपांवर तळवा टेकवा. काळ्यावर तो टिकणार नाही.

सरकत्या काचेचा सनरूफ किंवा अख्खा काचेचा टप याबद्दलही तेच. गडद काच ऊन थोडं अडवते, पण ते पिऊन स्वतः तापते आणि खाली झळ मारते. आतला पडदा जाड, अपारदर्शक असेल तर दिवसभर लावून ठेवा. जाळीदार कापडाचा असेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नका.

आतल्या रंगाने फरक पडतो का?

पडतो. काळा डॅशबोर्ड म्हणजे काचेखाली ठेवलेला तवा. पण त्याचा वरचा भाग गडद ठेवण्यामागे कारण आहे. फिका असेल तर त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून रस्ता दिसायला त्रास होतो. सीट मात्र फिक्या घेता येतात. "मळतात हो" ही तक्रार रास्त आहे. काळ्या रेक्झिनवर हाफ पँट घालून एकदा बसलात की कुठला त्रास परवडतो ते ठरेल. सुती कव्हर हा जुना आणि स्वस्त उपाय.

रंग महत्त्वाचा की सावली?

सावली. यात चर्चेलाच जागा नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनातलं टेम्पी हे शहर आपल्या विदर्भासारखंच तापतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात तासभर उन्हात उभ्या गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, स्टीअरिंग ५३ वर, सीट ५१ वर आणि डॅशबोर्ड ६९ वर. सावलीतल्या गाडीत हवा ३८ अंशांच्या आसपास राहिली आणि डॅशबोर्ड ४८ वर. हवेत ९ अंशांचा आणि डॅशबोर्डवर २१ अंशांचा फरक, रंगाला हातही न लावता. कडुनिंबाखाली काळी गाडी उन्हातल्या पांढरीला सहज हरवते. पक्ष्यांचा प्रसाद मिळतो, तो धुऊन टाकावा. वाळू दिला तर रंग खातो.

झाड नसेल तर निदान गाडीचं तोंड असं ठेवा की दुपारचं ऊन पुढच्या काचेवर येणार नाही, आणि काचेच्या आतून चकाकता सनशेड लावा. चकाकी बाहेरच्या बाजूला हवी. उलट लावलेले मी कितीतरी पाहिले आहेत. बाहेरून घातलेलं फिक्या रंगाचं कव्हर त्याहून चांगलं, कारण ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच अडतं. पण बाजारात दहा मिनिटांसाठी थांबल्यावर कव्हर कोण चढवतं?

काचा दोन बोटं खाली ठेवल्या तर?

मनाला बरं वाटतं, बाकी फारसं नाही. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढतं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काचा किंचित उघड्या ठेवून वाढीचा वेग जेमतेम बदलला.

म्हणून एक गोष्ट रंगाच्या सगळ्या चर्चेबाहेर ठेवा. गाडी पांढरी असो, काच उघडी असो, काम "फक्त पाच मिनिटांचं" असो, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा कुत्रं-मांजर बंद गाडीत सोडायचं नाही. मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. इन्सुलिन, लायटर, पॉवर बँक आणि अत्तराचे फवारे यांनाही गाडीत ठेवू नका.

गाडी धावत असताना टपाचा रंग किती महत्त्वाचा?

बराच कमी. वारा लागला की पत्रा भराभर थंड होतो आणि काळ्या-पांढऱ्यातलं अंतर आक्रसतं. रंगाची खरी किंमत गाडी उभी असताना आणि निघाल्यावरच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत मोजावी लागते. सिग्नलवर, टोलवर, लग्नाच्या वरातीमागे अडकल्यावर टप पुन्हा आपलं म्हणणं मांडायला लागतो.

इंधनाचं म्हणाल तर बर्कलीच्या त्याच अभ्यासाचा हिशेब असा की टप आणि अंग फिकं असेल तर तुलनेने लहान एसी पुरेल आणि इंधनात २ टक्क्यांच्या आसपास बचत होईल. पण लहान एसी कंपनीने बसवला तर. तुमच्या पांढऱ्या गाडीत आणि शेजाऱ्याच्या काळ्या गाडीत एसी एकच असतो, म्हणून पेट्रोल पंपावर फरक दिसेल अशी आशा धरू नका. फरक दिसेल तो गाडी लवकर गार होण्यात.

आहे त्या काळ्या गाडीचा टप पांढरा करून घेतला तर? आरटीओचं काय?

आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. म्हणून आधी आरटीओत जाऊन विचारा आणि नोंद करून घ्या. विम्याच्या दाव्याच्या वेळी हा कागद कामाला येतो. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून घाईत मारलेला रंग दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो, शिवाय कंपनीची पेंट वॉरंटी जाते. पांढरं विनाइल रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायचं पातळ प्लास्टिकचं आवरण, हा परतीचा मार्ग ठेवणारा पर्याय आहे. काढलं की खालचा मूळ रंग शाबूत, मात्र ते बऱ्या प्रतीचं हवं.

रंग टिकवण्यासाठी दुसरं एक काम लागतं, धुण्याचं. वणी, बल्लारपूर, चंद्रपूरकडे कोळशाची धूळ बसलेली पांढरी गाडी पाहा, ती पांढरी फक्त आरसीवर असते. मळलेला टप ऊन पितो. टप डोळ्यांच्या वर असल्यामुळे तोच नेमका पुसायचा राहतो.

काचेला फिल्म लावता येते का?

समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा, ही मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वेगळी फिल्म चिकटवण्यालाच मनाई केली होती. पुढे नियम बदलले, आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मर्यादेत बसणारी प्रमाणित फिल्म चालते असं म्हटलं. चौकात थांबवणाऱ्या हवालदाराने तो निकाल वाचलेला असेलच असं नाही, तेव्हा लावलीत तर प्रमाणपत्र आणि बिल गाडीत ठेवा. उष्णतेसाठी काळी फिल्म लागतही नाही. अवरक्त अडवणारी जवळजवळ पारदर्शक फिल्म जास्त काम करते.

शेणाने सारवलेली गाडी थंड राहते का?

२०१९ च्या उन्हाळ्यात अहमदाबादच्या एका टोयोटा कोरोलाचं छायाचित्र घरोघरी फिरलं आणि पाठोपाठ महाराष्ट्रातल्याही एका गाडीचं. चेष्टा खूप झाली, पण विचार अगदीच फोल नाही. ओलं शेण वाळताना बाष्पीभवनाने पत्रा गार करतं, आणि वाळलेला जाड, भुसभुशीत थर ऊन थेट पत्र्यापर्यंत पोचू देत नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी चाललेल्याला हे ठाऊक आहे. अडचण अशी की वाळलेलं शेण गडद असतं, काच उघडीच राहते, रंगाचं नुकसान होतं, आणि वळवाचा एक पाऊस आला की संपलं. तेच तत्त्व नीट वापरायचं असेल तर जुन्या लँड रोव्हरचा "ट्रॉपिकल रूफ" पाहावा. टपावर थोडं अंतर सोडून दुसरा पत्रा बसवलेला आणि मधून वारा खेळता. ऊन वरचा पत्रा झेलतो, खालचा सावलीत. सामानाच्या कॅरिअरवर फळी किंवा ताडपत्री घट्ट बांधणारे आपले जीपवाले तेच करतात, फक्त नाव न देता.

नवे "थंड" रंग आले आहेत म्हणे?

येत आहेत. निस्सान कंपनीने टोकियोच्या हानेदा विमानतळावरच्या एका गाडीवर असा रंग चाचणीला लावला. २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं की पत्रा १२ अंशांपर्यंत आणि आतली हवा ५ अंशांपर्यंत कमी तापली. अडचण जाडीची. तो थर १२० मायक्रॉनचा आहे, नेहमीच्या रंगाच्या सुमारे सहापट. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने ९८ टक्के ऊन परतवणारा पांढरा रंग २०२१ मध्ये बनवला आणि पुढच्या वर्षी गाडीवर चालेल असा पातळ प्रकारही काढला. शोरूममध्ये मागू नका, अजून मिळणार नाही.

दुपारी तीनला तापलेल्या गाडीत बसायचं आहे. आत्ता काय करू?

चारही दारं उघडा, मिनिटभर थांबा. घाई असेल तर एका बाजूची काच पूर्ण खाली करून विरुद्ध बाजूचं दार चार-पाचदा उघडझाप करा, भात्यासारखं. आतली हवा बाहेर जाते. स्टीअरिंगवर ओला रुमाल फिरवा. काचा खाली ठेवूनच गाडी काढा, एसी बाहेरच्या हवेवर आणि पंखा पूर्ण. चौक-दोन चौक गेलात की काचा बंद करून एसी आतल्या हवेवर घ्या. बंद गाडीत बसून एसी गार होण्याची वाट बघणारे त्या ५० अंशांच्या हवेलाच थंड करायला पेट्रोल जाळत असतात.